चव सांगणारे सर

आइस्क्रीम बनवणारा एक माणूस होता, आणि त्याच्या आइस्क्रीमचा न्यायनिवाडा करणारे त्याचे एक वृद्ध गुरू होते.

माणसाचे नाव प्रसेन माळी. सांगलीत, विश्रामबागेच्या बाजूला त्याचे दुकान होते. गुरू म्हणजे हिरेमठ सर. त्यांनी त्याला शाळेत रसायनशास्त्र शिकवले होते. आता ते पंचाहत्तरी ओलांडून गेले होते आणि दुकानाच्या मागच्या गल्लीत एकटेच राहत होते. पत्नी जाऊन बराच काळ लोटला होता. मूलबाळ नव्हते.

प्रसेनच्या दुकानात आंबा, पिस्ता, चॉकलेट यांतले काही मिळत नसे. तो ओल्या हळदीचे आइस्क्रीम करी, चिंचेच्या कोवळ्या पाल्याचे करी. बेदाणे ताकात भिजवून, भाजलेल्या ज्वारीच्या दुधात घोटून, वर मिरपूड भुरभुरवून तो एक प्रकार करी, त्याला तर त्याने नावही दिले नव्हते. दुकानाच्या मागच्या अंगाला एक मोठी काच होती आणि तिच्या आड तो काम करी. पोलादी भांड्यात द्रवरूप नायट्रोजन ओतला की पांढऱ्या वाफेचा लोट उठून सगळी काच झाकून टाकी. बाहेर बसलेली माणसे मोबाइल उंच धरून त्याचे चित्रण करीत. वाफ विरली की प्रसेन खाली मान घालून घोटत असलेला दिसे. त्याचे चित्रण कुणी करीत नसे.

ही विद्या तो बंगळुरूच्या एका मोठ्या हॉटेलात शिकला होता. आई आजारी पडली म्हणून तो गावी आला. आई गेली, आणि तो इथेच राहिला. दुकानाच्या वरच्या खोलीत त्याचा मुक्काम असे. दिवसभर त्याच्याशी पुष्कळ लोक बोलत, परंतु सगळ्यांचा प्रश्न एकच असे, "हे कशाचं आहे?" तो सांगे. मग लोक आपापल्या टेबलाकडे वळत.

येणारे नवल करून जात, पुन्हा येणारे थोडे असत. याचा प्रसेनला विषाद वाटे. लोकांना चव कळत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती आणि लोकांना विचारणेच त्याने सोडून दिले होते. त्याचा विश्वास एकाच जिभेवर होता. ती जीभ हिरेमठ सरांची.

दर गुरुवारी दुपारी, उन्हे उतरू लागली की सर येत. धुतलेला पांढरा सदरा, हातात छत्री. कोपऱ्यातल्या टेबलाशी, सगळे दुकान दिसेल अशा खुर्चीत ते बसत. त्या आठवड्यात नवीन जे केले असेल त्याची वाटी प्रसेन त्यांच्यापुढे ठेवी आणि आत निघून जाई. सर इतके सावकाश खात, की शेवटचा भाग पातळ होऊन जाई. तोही ते चमच्याने पीत. मग प्रसेन हात पुसत बाहेर येई आणि टेबलाशेजारी उभा राही.

"काय वाटलं, सर?"

सर क्षणभर विचार करीत. "चांगलं आहे. पण पहिल्या घासाला माणूस दचकतोय. त्याला आधी थोडं ओळखीचं काहीतरी दे, मग तुझं नवं दे."

प्रसेन त्याप्रमाणे बदल करी, आणि खरोखरच ते आइस्क्रीम अधिक खपे. चिंचेच्या पाल्याबद्दल सर म्हणाले होते, "पोरं चाटूनपुसून खातील, मोठी माणसं अर्धं टाकतील." तसेच झाले. ज्वारीच्या आइस्क्रीमबद्दल म्हणाले होते, "हे म्हाताऱ्यांना आवडतंय. का ते त्यांना सांगता येत नाही, पण आवडतंय." तेही तसेच होते. चार वर्षांत सरांचा शब्द एकदाही खोटा ठरला नव्हता. प्रसेनला वाटे, या जगात आपले काम समजणारा एक तरी माणूस आहे.

एके दिवशी पुण्याच्या एका व्यापाऱ्याचा निरोप आला. त्याने प्रसेनच्या दुकानाविषयी ऐकले होते. प्रत्यक्ष येऊन एखादी चव घेऊन पाहायची, पटले तर पुण्यात भागीदारीत दुकाने काढायची, असा त्याचा विचार होता. तो गुरुवारी सकाळी येणार होता.

प्रसेनने ठरवले, धुरी दिलेल्या दुधाचे आइस्क्रीम करायचे. नारळाच्या करवंट्या पेटवून, ज्वाळा विझवून, उरलेला धूर झाकणाखाली दुधात कोंडायचा, मग त्यात ओल्या हळदीचा रस आणि गूळ. कित्येक महिने तो या चवीच्या मागे होता. बुधवारी दुकान बंद असे, म्हणून त्याने सरांना बुधवारीच बोलावून घेतले.

"सर, उद्याच्या आधी तुमचा शब्द पाहिजे."

"येतो की," सर म्हणाले. परंतु ते म्हणण्याआधी थोडे थांबले. प्रसेनच्या ते लक्षात आले नाही.

सर आले तेव्हा शटर अर्धे खाली होते. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या होत्या. प्रसेनने कोपऱ्यातल्या टेबलावरची एक खुर्ची खाली उतरवून त्यांना बसवले आणि तो आत गेला. ओट्यावर दुधाची दोन पातेली होती. एकातले दूध व्यवस्थित धुरावलेले होते. दुसऱ्याच्या वेळी व्यापाऱ्याचा फोन आला होता, प्रसेन बोलत राहिला, करवंट्यांनी पुन्हा पेट घेतला आणि ते दूध करपट झाले. ते फेकायचे म्हणून त्याने बाजूला ठेवले होते. उद्याच्या विचारांत तो इतका गुंतला होता, की त्याने नेमके तेच ओढून घेतले. हळदीच्या रसाने दोन्हींचा रंग सारखा झाला असता. आणि गोठलेल्या पदार्थाला वास फारसा नसतो. तो तोंडात विरघळला की मगच कळतो.

त्याने वाटी सरांपुढे ठेवली. या वेळी तो आत गेला नाही. काउंटरला टेकून पाहत राहिला.

सर खाऊ लागले. एक घास घेत आणि रिकाम्या दुकानाकडे पाहत. पंखा फिरत होता. शटरखालून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय तेवढे दिसत होते.

"सर, काय वाटतं?"

सरांनी आणखी एक घास घेतला.

"धूर जास्त झालाय का? हळद पुढे येतेय?"

"प्रसेन, उद्या चार माणसं येऊ देत. मग सांगतो."

"उद्या सकाळीच तो येणार आहे, सर. मला आत्ता पाहिजे."

"आत्ता मला सांगता येणार नाही."

प्रसेनला हे विचित्र वाटले. तो आत गेला, भांड्यातले चमचाभर घेऊन तोंडात टाकले, आणि तसाच धावत जाऊन बेसिनमध्ये थुंकला. जळलेल्या दोरखंडासारखा उग्र वास घशात उतरला होता. दोन वेळा चुळा भरूनही तो जाईना.

तो बाहेर आला तेव्हा सर वाटीच्या कडेचे आइस्क्रीम चमच्याने निपटून घेत होते. चेहरा शांत होता.

"सर, थांबा! ते खाऊ नका."

"का रे?"

"करपलंय ते. तोंडात धरवत नाही. तुम्हाला... तुम्हाला कळलं नाही?"

सरांनी चमचा वाटीत ठेवला. "नाही," ते म्हणाले. "मला वास येत नाही, प्रसेन. बरीच वर्षं झाली. एकदा मोठा ताप आला, त्यात नाक गेलं ते गेलंच. गोड, आंबट, खारट एवढं जिभेला कळतं. गार लागतं ते कळतं. त्याच्या पलीकडं मला काही नाही."

प्रसेनला बसायला खुर्ची नव्हती. तो उभाच राहिला.

"मग चार वर्षं तुम्ही मला काय सांगत होतात? तुमच्या शब्दावर मी पाककृती बदलल्या. रात्ररात्र बसून बदलल्या. मला वाटलं, एक माणूस आहे ज्याला कळतं. आणि तुम्हाला तर..." त्याने वाटी ओढून घेतली. "माझी थट्टा केलीत तुम्ही, सर."

"थट्टा नाही केली. मी सांगितलं त्यातलं काही खोटं नव्हतं. पण हे मी तुला सांगायला पाहिजे होतं, ते सांगितलं नाही. चूक झाली."

का सांगितले नाही, हे प्रसेनने विचारले नाही. त्याने तोंड फिरवले. सर उठले, छत्री घेतली आणि वाकून, भिंतीचा आधार घेत अर्ध्या शटरखालून बाहेर पडले. शटर वर करायला प्रसेन गेला नाही.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. चांगल्या दुधाचे आइस्क्रीम त्याने खाल्ले, आणि त्याला ते मनापासून आवडले. मग त्याने विचारले, "तुमच्याकडं कोण येतं? जोडपी, कुटुंबं, कॉलेजची मुलं? खाताना काय बोलतात? कुठं थांबतात?"

प्रसेनला यातले काहीच ठाऊक नव्हते.

"हात चांगला आहे तुमचा," व्यापारी उठताना म्हणाला. "पण चार वर्षं दुकान चालवून तुम्ही गिऱ्हाईक बघितलेलंच दिसत नाही. बोलू पुन्हा." त्याचा फोन नंतर आला नाही.

त्या दुपारी सर आले नाहीत. पुढच्या गुरुवारीही आले नाहीत. नवीन काही करावे असे प्रसेनला वाटेना. कुणासाठी करायचे, हे त्याला समजत नव्हते. काचेआडून तो सारखा कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाही. एकदा तिथे मध्यम वयाचे एक जोडपे बसले. नवऱ्याने एक घास घेतला, डोळे विस्फारले, आणि लगेच चमचा भरून बायकोपुढे धरला. ती मागे सरली, मग हसली, मग तिने खाल्ला. दोघे बराच वेळ बोलत राहिले. इतक्या वर्षांत आपण हे पाहिलेच नव्हते, हे प्रसेनच्या ध्यानात आले. पाहून मात्र त्याला अधिकच एकटे वाटले.

त्याच संध्याकाळी दुकान लवकर बंद करून तो सरांच्या घरी गेला.

दार सरांनीच उघडले. "ये," एवढेच म्हणाले. घर स्वच्छ आणि निःशब्द होते. जेवणाच्या टेबलाला एकच खुर्ची होती, भिंतीकडे तोंड केलेली. दुसरी खुर्ची खिडकीशी होती आणि तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. सरांनी तो उचलून खाली ठेवला.

प्रसेन बसला. "सर, मी त्या दिवशी फार बोललो."

"बोलायलाच पाहिजे होतंस."

"पण तुम्ही येत का होतात? ज्याची चव कळत नाही ते खायला?"

सर आपल्या खुर्चीत बसले. मग बोलू लागले.

"हे बघ, आंब्याचं आइस्क्रीम माणूस मुकाट्यानं खातो. त्याला ते ठाऊक असतं. तुझं आइस्क्रीम तोंडात घातलं की पहिल्यांदा तो शेजारच्या माणसाकडं बघतो. त्याला एकट्याला ते झेपत नाही. मग म्हणतो, 'घे, चाखून बघ.' तुझ्या दुकानात प्रत्येक टेबलावर हे घडतं. भांडून आलेली माणसंसुद्धा एकमेकांपुढं चमचा धरतात. मी ते बघायला येत होतो. आणि तुझी चव मला तिथंच कळायची. चांगली असली तर चमचा हळू पुढं येतो, सांडू नये म्हणून खाली दुसरा हात धरलेला असतो. वाईट असली तर झटकन येतो, 'बघ काय दिलंय!' म्हणून. पहिल्या घासाला माणूस दचकतो, हे मी बघूनच तुला सांगितलं. त्या बुधवारी दुकानात माणसं नव्हती, म्हणून मी आंधळा झालो."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर तू मला वाटी कशाला दिली असतीस? आठवड्यातून एकदा कुणीतरी मला विचारायचं, सर, काय वाटलं? तेवढं जायला नको होतं मला." सर थांबले. "आणि खरं सांगू? चार वर्षं तू माझ्याशेजारी उभा राहिलास. निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा. एकदाही बसला नाहीस. एकदाही म्हणाला नाहीस, सर, थांबा, मीही एक वाटी घेतो. तुझ्या दुकानात सगळी माणसं एकमेकांना चव देतात. न देणारे दोघंच होतो, तू आणि मी."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करून निघून गेले.

"तुम्हाला सगळ्यात जास्त कशाचा वास आठवतो, सर?" प्रसेनने विचारले.

सर उठले आणि त्याला आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथे लाकडी कपाट होते.

"ही गेली तेव्हा तिच्या साड्यांना तिचा वास होता. मी रोज कपाट उघडून उभा राहायचो. मग तो ताप आला." त्यांनी किल्ली फिरवली, परंतु दार ओढले नाही. "साड्या तशाच आहेत. मी अजूनही उभा राहतो कधीकधी. तुझं नाक तयार आहे, प्रसेन. बघून सांगशील?"

प्रसेनने कपाटाचे दार उघडले. साड्या नीट घड्या घालून ठेवलेल्या होत्या. तो वाकला, डोळे मिटले आणि हळूच श्वास आत घेतला. मग दुसऱ्या थरात नाक नेऊन पुन्हा घेतला. मोगरा आहे म्हणावे, चंदन आहे म्हणावे, एका वृद्ध माणसाला तेवढे पुरले असते. ते म्हणणे फार सोपे होते. त्याने वेळ घेतला.

"सर, डांबरगोळ्यांचा वास आहे. जुन्या लाकडाचा आहे. दुसरा कसलाच नाही."

"नक्की?"

"नक्की."

सरांनी खांद्यावरून काहीतरी उतरवून ठेवावे तसा श्वास सोडला.

"बरं झालं सांगितलंस. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती इथं आहे आणि फक्त मलाच कळत नाही."

त्यांनी स्वतःच्या हाताने कपाट लावले. दोघे बाहेर आले. स्वयंपाकाच्या काकूंनी करून ठेवलेली आमटी आणि भाकरी झाकून ठेवली होती. सर म्हणाले, "सकाळची आहे. चांगली आहे का बघ बरं. मला कळत नाही, म्हणून संध्याकाळी टाकूनच देतो."

प्रसेनने झाकण काढून वास घेतला. "चांगली आहे," तो म्हणाला. त्याने आमटी गरम केली आणि फडताळातून दोन ताटे काढली. खिडकीजवळची खुर्ची उचलून त्याने टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आणली, सरांची खुर्ची तिच्याकडे फिरवली, आणि वाढले.

"लसूण जरा जास्त लाल झालाय फोडणीत," पहिला घास घेऊन तो म्हणाला. "पण वाईट नाही. खमंग लागतोय. कढीपत्ता ताजा आहे. आणि शेवटी किंचित गूळ येतो, तो तुम्हालाही कळत असेल."

"होय, गूळ कळतोय," सर म्हणाले. त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तो हातातच धरून ठेवला. "आणखी सांग."

प्रसेन सांगत राहिला, आणि सर जेवत राहिले.

आयुष्यभर ज्यांना आपण निकाल विचारत आलो, त्यांच्यासमोर एकदा नुसते जेवायला बसावे.